निसर्गप्रेरित अनुकूलनक्षम इमारत-आवरणे : कापडे (ता. पोलादपूर) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
इमारतीचे दर्शनी आवरण म्हणजे केवळ शोभेची भिंत नव्हे. ऊन, वारा, पाऊस व आर्द्रता यांपैकी काय आत घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे, हे ठरविणारी ती इमारतीची त्वचाच होय. सजीवांची त्वचा, पाने व फळे परिस्थितीनुसार आपले रूप बदलतात. इमारतीचे आवरणही तसे बदलू शकेल काय, या विचारातून निसर्गप्रेरित अनुकूलनक्षम आवरणांची संकल्पना पुढे आली. जॅनिन बेन्यस यांच्या 1997 मधील ग्रंथामुळे जैवअनुकरणाच्या विचारास व्यापक प्रसिद्धी मिळाली. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे स्वरूप स्पष्ट करून, रायगड जिल्ह्यातील कापडे परिसरासारख्या अतिपावसाच्या डोंगराळ भागात तिची उपयुक्तता कितपत आहे, याचा विचार केला आहे.

अनुकूलनाचे दोन मार्ग :
पहिला मार्ग यांत्रिक होय. पॅरिस येथील अरब जगत संस्थेच्या इमारतीत (1987) ज्याँ नूव्हेल यांनी दक्षिणेकडील भिंतीवर कॅमेऱ्याच्या छिद्राप्रमाणे उघडझाप करणाऱ्या धातूच्या झडपा बसविल्या. अबुधाबीतील अल बहर मनोऱ्यांवर (2012) सूर्याच्या स्थितीनुसार मिटणाऱ्या व उमलणाऱ्या छत्र्यांचे जाळे आहे. दोन्ही ठिकाणी विद्युतशक्ती, नियंत्रक यंत्रणा व सातत्याची देखभाल अनिवार्य ठरते. पॅरिसमधील अनेक झडपा कालांतराने बंद पडल्या, हा अनुभव बोलका आहे.

दुसरा मार्ग पदार्थाच्या अंगभूत गुणधर्माचा होय. पाइनच्या फळाचे खवले कोरड्या हवेत उघडतात व ओलाव्यात मिटतात. खवल्याच्या दोन थरांपैकी बाहेरचा थर ओलाव्याने अधिक प्रसरण पावतो आणि त्यामुळे खवला वाकतो. त्यासाठी जिवंत पेशींची वा बाह्य शक्तीची गरज नसते. आखिम मेंगेस यांनी याच तत्त्वावर लाकडाच्या पातळ पापुद्र्यांपासून आर्द्रतेनुसार उघडझाप करणाऱ्या रचना 2012 व 2013 मध्ये सिद्ध केल्या. आपल्याकडील लाजाळूची हालचाल मात्र वेगळ्या प्रकारची आहे. तेथे जिवंत पेशींतील पाण्याचा दाब बदलतो. म्हणून तिचे थेट अनुकरण अधिक अवघड ठरते.

स्थानिक प्रश्नाचे स्वरूप :
पोलादपूर तालुका महाबळेश्वरच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी असून येथे वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नैर्ऋत्य वाऱ्याबरोबर येणारी पावसाची झड भिंतीवर तिरकी आदळते. याच काळात हवा दमट असल्याने घरात वारा खेळता राहणेही आवश्यक असते. पाऊस अडवावा, परंतु वारा अडवू नये, हा येथील मूळ प्रश्न आहे.

या दृष्टीने पाहता पाइनच्या फळाचे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू करता येत नाही. ओलाव्याने मिटणारे आवरण कोकणच्या पावसाळ्यात बहुतांश काळ मिटलेलेच राहील आणि वायुवीजनाची सर्वाधिक गरज असतानाच ते नाकारील. अबुधाबीची छत्री कोरड्या प्रदेशातील प्रखर उन्हासाठी आहे. तात्पर्य, निसर्गाचे उदाहरण निवडताना त्यामागील हवामान तपासणे अगत्याचे ठरते.

स्थानिक परंपरेतील अनुकूलन :
कोकणातील जुन्या घरांत या प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रमाणात सापडते. उतरते कौलारू छप्पर, पुढे आलेल्या वळचणी, ओटी आणि पडवी यांमुळे पाऊस मुख्य भिंतीपासून दूर राहतो. कारवीच्या कुडावर मातीशेणाचा लेप दिला जाई. माती हवेतील ओलावा शोषते व हवा कोरडी होताच तो परत सोडते. पावसाळ्यापूर्वी झडीच्या बाजूला झाप वा पेंढ्याचे आडोसे बांधून पुढे ते काढून टाकीत. ऋतुमानानुसार बदलणारे हे आवरणच होय. फरक इतकाच, की ते हलविणारी शक्ती यंत्राची नसून माणसाच्या हातांची होती. त्याच्या मर्यादाही नाकारता येत नाहीत. कुडाला वाळवी लागते, लेप दरवर्षी द्यावा लागतो आणि गावातील कर्ती माणसे मुंबईस गेल्यावर हे श्रम करणार कोण, हा प्रश्न उरतो.

महाराष्ट्रातील आधुनिक प्रयत्न :
चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत (1983) खोल, दुमजली उंचीच्या सज्जांची योजना केली. समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचे ऊन व पाऊसही त्याच दिशेचे. म्हणून सज्जा हे मधले संरक्षक क्षेत्र ठरले. पडवीचेच हे बहुमजली रूप होय. पुणे जिल्ह्यातील लवासाच्या आराखड्यासाठी एचओके या संस्थेने जैवअनुकरणाच्या अभ्यासकांसह सह्याद्रीतील वनांचा अभ्यास केला. वडवर्गीय वृक्षाच्या पानाचे निमुळते टोक पाणी त्वरित निथळू देते, हे पाहून छपराच्या आवरणाची कल्पना मांडण्यात आली. पुढे हा प्रकल्प पर्यावरणविषयक वादात सापडला व 2018 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेला. निसर्गाचे अनुकरण करणारी रचना निसर्गाशी सुसंगत असेलच असे नाही, हेही यावरून ध्यानात येते.

निष्कर्ष :
सपाट स्लॅब, उघड्या भिंती आणि सरकत्या काचेच्या खिडक्या हे शहरी घराचे प्रतिरूप आता खेड्यांतही रुजले आहे. अशा घरात झड आली की खिडकी बंद करावी लागते; मग भिंतींना ओल व बुरशी येते, तर उन्हाळ्यात स्लॅब तापतो. त्यावर खर्चिक स्वयंचलित आवरण हा उपाय नव्हे. पश्चिम व नैर्ऋत्य बाजूस रुंद पडवी, खाली झुकलेल्या स्थिर पट्ट्यांच्या झडपा आणि प्रक्रिया केलेल्या बांबूचे काढता-घालता येणारे पडदे यांची योजना सिमेंटच्या घरालाही करता येईल. अर्थात, जुलै 2021 मध्ये तळिये येथे कोसळलेल्या दरडीसारख्या आपत्तीपासून कोणतेही आवरण वाचवू शकत नाही. जागेची निवड हा त्याआधीचा प्रश्न आहे. शाळा व महाविद्यालयांच्या नव्या इमारतींत असे प्रयोग करून चारही महिने आतील तापमान व आर्द्रतेच्या नोंदी ठेवल्यास, भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भूगोल या विभागांना एकत्रित अभ्यासाचा विषय मिळेल आणि परिसरातील घर बांधणाऱ्यांपुढे अनुकरणीय नमुना उभा राहील.