दुष्टचक्र कुठे तोडायचे?

शाळेच्या स्नेहसंमेलनात हा प्रकार तुम्ही नक्कीच अनुभवला असेल. पाहुणे भाषणाला उभे राहतात आणि ध्वनिवर्धकातून एकाएकी कर्कश शीळ सुरू होते. माइकमध्ये शिरलेला बारीकसा आवाज मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, आणि क्षणार्धात सारे सभागृह कानांवर हात ठेवते. भौतिकीत याला धन प्रतिभरण म्हणतात. फीडबॅक हा शब्द तुमच्या अधिक ओळखीचा असेल. ही शीळ थांबवण्यासाठी माइकवाला काय करतो? पहिला आवाज कोणी केला, याचा शोध तो घेत बसत नाही. तो आवाजाचे बटण खाली आणतो, नाहीतर माइक कर्ण्यापासून दूर नेतो. चक्र कुठेतरी तुटले, की शीळ थांबते.

मनाच्या एका आजारावरील उपचारात नेमका हाच विचार उपयोगी पडला आहे. 1979 साली लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी तीस रुग्णांच्या निरीक्षणांवरून एका आजाराचे वर्णन केले आणि त्याला ‘बुलिमिया नर्व्होसा’ असे नाव दिले. स्वतःला उपाशी ठेवून खंगत जाण्याचा अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हा आजार वैद्यकाला 1870च्या दशकापासून माहीत होता. हा त्याचाच भाऊबंद, पण फसवा. रुग्णाचे वजन पुष्कळदा चारचौघांसारखेच असते, त्यामुळे घरच्यांनाही पत्ता लागत नाही. रुग्ण खाण्यावर कडक बंधने घालून घेतो. मग कधीतरी बांध फुटतो आणि थांबू म्हटले तरी थांबता येऊ नये इतके खाल्ले जाते. त्यानंतर शरम, आणि खाल्लेले शरीराबाहेर काढून टाकण्याची घातक धडपड. या धडपडीत रक्तातील पोटॅशियम घटते. हृदयाचा ठेका याच क्षारावर अवलंबून असतो, म्हणून हा आजार जिवावरही बेतू शकतो. ‘वयात आलेल्या मुलींचे नखरे’ म्हणून त्याची बोळवण करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय तो मुलांनाही होतो.

पण इतके खाल्ले का जाते? मनोबल कमी म्हणून? याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. 1944-45 साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. तत्त्व म्हणून युद्धात लढण्यास नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने आले होते. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे कीज यांना शोधायचे होते. सहा महिने या तरुणांना नेहमीच्या सुमारे निम्मे अन्न मिळाले. मनाने खणखणीत असलेली ही माणसे हळूहळू चिडखोर आणि उदास झाली. त्यांच्या बोलण्यात अन्नावाचून विषय उरला नाही. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. पुढे अन्न वाढवल्यावर काहींचे पोट भरले तरी मन भरेना. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपण थट्टेने म्हणतो. त्या थट्टेमागे शरीरशास्त्र आहे. (पंधरवड्यातून एकदा धरलेला उपवास म्हणजे आजार नव्हे, हे सांगायला नकोच.)

ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बुलिमियात हेच चक्र पाहिले. आपली सारी किंमत वजनावर आणि शरीराच्या आकारावर ठरते, असे रुग्णाने मनाशी धरलेले असते. त्यातून खाण्याचे कडक नियम येतात. नियमांमुळे भूक साचते. एखादा नियम मोडला, की ‘आता सगळेच संपले’ असे वाटून बांध फुटतो. मग शरम, वजनाची दुप्पट धास्ती आणि आणखी कडक नियम. पुन्हा तीच शीळ! अमेरिकेत एरन बेक यांनी 1960च्या दशकात खिन्नतेच्या आजारासाठी विचार आणि वागणूक दोन्हींवर काम करणारी पद्धत घडवली होती. तिच्या आधारे फेअरबर्न यांनी बुलिमियासाठी उपचार रचला आणि 1981 साली अकरा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी, म्हणजे विचार-वर्तन उपचार, तो हाच. आजार मुळात कशाने सुरू झाला, यापेक्षा आज तो कशाने टिकून आहे, यावर त्याचा भर असतो.

या उपचारात साधारण वीस बैठका होतात. रुग्ण एक वही ठेवतो आणि काय खाल्ले, त्या वेळी मनात काय होते, हे तिथल्या तिथे लिहितो. प्रयोगशाळेत आम्ही विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी हेच ओरडत असतो, की वाचन त्याच क्षणी नोंदवा, घरी जाऊन आठवणीने नको! मग येते ठरल्या वेळी खाणे: तीन जेवणे, मध्ये दोन-तीनदा थोडे काही, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त खंड नाही. अति खाणे थांबवायला अधिक वेळा खा, हे रुग्णाला उफराटे वाटते. पण बटण फिरते ते इथेच. भूक साचत नाही, म्हणून बांध फुटत नाही.

मला सर्वांत आवडलेला भाग वजनाचा आहे. काही रुग्ण दिवसातून अनेकदा काट्यावर उभे राहतात, तर काही काट्याकडे फिरकतही नाहीत. उपचारात वजन आठवड्यातून एकदाच, तज्ज्ञासमोर करतात आणि ते आलेखावर मांडतात. अर्धा लिटर पाणी पिऊन काट्यावर उभे राहा. काटा अर्धा किलो जास्त दाखवील. त्यात चरबीचा कणही नाही. पाणी, मीठ, पोटातले अन्न यांमुळे वजन रोज वरखाली होतच असते. म्हणून एका आकड्यावरून काही ठरवायचे नाही. निदान चार आठवड्यांचे बिंदू पाहून रेषेचा कल ओळखायचा. यादृच्छिक त्रुटी आणि खरा बदल यांतला हा फरक आहे. ‘भात खाल्ला की मी जाड होईन’ हा विचारही तज्ज्ञ खोडून काढत नाही. तो गृहीतक मानला जातो. भात खायचा, आलेख पाहायचा आणि निष्कर्ष रुग्णानेच काढायचा.

पुढे रुग्ण एक वर्तुळ काढून त्यात आपली किंमत कशाकशावर ठरते याचे भाग पाडतो. वजनाच्या भागाने जवळजवळ सारे वर्तुळ व्यापलेले असते. तो भाग नुसता पुसून चालत नाही. मैत्री, खेळ, गाणे, अभ्यास हे भाग वाढू लागले, की तो आपोआप आक्रसतो.

हे सारे प्रशिक्षित तज्ज्ञाच्या हाताखाली व्हायला हवे. लेख वाचून घरी करण्याचा हा प्रयोग नाही. शाळकरी वयातल्या अ‍ॅनोरेक्सियात तर आईवडिलांना बरोबर घेऊन केलेल्या कौटुंबिक उपचाराला पहिली पसंती दिली जाते, आणि प्रकृती फार खालावली असेल तर आधी रुग्णालय. कोठे विचारावे हे न सुचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, क्रमांक 14416.

या उपचाराची एक कसोटी डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे झाली आणि तिचा निकाल 2014 साली प्रसिद्ध झाला. सत्तर रुग्णांपैकी काहींना पाच महिन्यांत विचार-वर्तन उपचाराच्या वीस बैठका दिल्या, तर उरलेल्यांना दोन वर्षे, दर आठवड्याला, मनोविश्लेषणाचा उपचार दिला. पाच महिन्यांनंतर पहिल्या गटातील 42 टक्के रुग्णांचे अति खाणे आणि खाल्लेले काढून टाकणे थांबले होते. दुसऱ्या गटात 6 टक्क्यांचे. दोन वर्षांनंतर हे आकडे 44 आणि 15 होते. म्हणजे चांगल्या गटातही निम्म्याहून अधिक रुग्णांचे चक्र पुरते तुटले नव्हते. विशेष असे, की हा प्रयोग करणारे प्रमुख संशोधक स्वतः मनोविश्लेषणाच्या बाजूचे होते; हरलेला उपचार त्यांनीच रचलेला होता, आणि निकालही त्यांनीच छापला.