रात्रींचा श्वासोच्छ्वास

नीरा आणि भीमा यांच्या संगमावरील नरसिंहपूरचा लक्ष्मीनृसिंह हा पुष्कळ देशस्थ घराण्यांचा कुलस्वामी. आमच्या वाचकांपैकीं अनेकांस तेथील घाट व देवालय परिचित असेलच. वैशाखांत नृसिंहजयंतीच्या उत्सवास गांवोगांवचीं कुटुंबें उपाध्यांच्या ओसरीवर शेजारीं शेजारीं पथाऱ्या टाकतात, आणि एरव्हीं ज्याच्या त्याच्या घरांत झांकून राहणारी गोष्ट तेथें उघडी पडते. कोण घोरतो, कोण तोंड उघडें टाकून निजतो, कोण मध्यरात्रीं दचकून उठून तांब्या चांचपडतो, हें सर्वांस कळतें. सकाळीं त्यावरून थोडी थट्टाही होते. आमच्या मतें ही बाब थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं.

हवा गाळावयाची, ऊन करावयाची आणि ओलसर करून फुप्फुसांकडे पाठवावयाची, हें नाकाचें काम. दोन्ही नाकपुड्या सर्वकाळ सारख्या मोकळ्या नसतात. कांहीं तासांच्या अंतरानें एक मोकळी होते व दुसरी आंतून फुगते. पाश्चात्त्य वैद्यकांत ह्या फेऱ्याचें वर्णन जर्मन वैद्य कायझर यांनीं १८९५ सालीं केलें; आपल्या स्वरोदयशास्त्रास चंद्रस्वर व सूर्यस्वर फार पूर्वींपासून ठाऊक होते. निरोगी मनुष्यास हा फेरा जाणवत नाहीं. परंतु ज्याच्या नाकाचा पडदा वांकडा आहे, किंवा आंतील अस्तर बारमास सुजलेलें आहे, त्याची मोकळी बाजू बंद होण्याची पाळी आली कीं झोंप मोडलीच. आडवें झाल्यावर सूज वाढते, तोंड उघडतें, जीभ मागें पडते आणि घशांतील वाट अरुंद होऊन घोरणें सुरू होतें. कित्येकांचा श्वास दहा दहा सेकंद, कधीं त्याहूनही अधिक वेळ, अजिबात थांबतो. मग मेंदू अर्धवट जागा होऊन त्यास पुनः चालना देतो. रात्रींत असें शेंकडों वेळां घडलें तरी निजलेल्यास त्याचा पत्ता नसतो. आठ तास निजला, असेंच घरचीं माणसें सांगतात!

दिवसां तोच मनुष्य डुलक्या घेतो, चिडतो, विसरतो. आणि आपण त्यास आळशी म्हणून मोकळे होतों. मुलांच्या बाबतींत हा अन्याय अधिक दुःसह. आमच्या परिचयाच्या एका घरांत नऊ वर्षांचा मुलगा मठ्ठ ठरला होता. पाढे म्हणतांना त्याचे डोळे मिटत, आणि त्याबद्दल बोलणीं बसत. एकदां मुक्कामास आलेल्या आत्याबाई रात्रीं जाग्या होत्या. मुलाचा श्वास मध्येंच थांबतो हें त्यांच्या ध्यानांत आलें. तपासणीअंतीं नाकामागील ग्रंथि वाढल्याचें आढळलें. त्या काढल्यावर मुलगा पहांटे हांक न मारतां उठूं लागला. ह्या ग्रंथींना अॅडिनॉइड म्हणतात. त्यांमुळें नाक बंद होतें व ऐकूंही कमी येतें, हें कोपनहेगनच्या डॉ. विल्हेल्म मेयर यांनीं १८६८ सालींच दाखवून दिलें होतें.

इंदापूर-बारामतीकडे नाकास छळणाऱ्या गोष्टी पुष्कळ. कालव्याबरोबर ऊंस आला, उंसाबरोबर जळत्या पाचटाचा धूर आणि धुराड्यांची काजळी आली. १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम लोकांच्या नजरेस आलेलें गाजरगवत आतां बांधाबांधावर माजलें आहे, व त्याचे परागकण ज्यांस बाधतात त्यांस शिंकांनीं बेजार करतात. ह्यांशिवाय गाद्यांतील धूळ आहेच.

उपायांत जलनेति आम्हांस प्रिय आहे. हठयोगांतील षट्क्रियांपैकीं ही एक. नाकांतील चिकटा धुऊन निघतो. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेंच हवें, आणि पेलाभर पाण्यांत सुमारें अर्धा लहान चमचा मीठ. संगमाचें पाणी कितीही पवित्र असो, तें नाकांत घालूं नये. अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत २०११ सालीं न उकळलेल्या नळाच्या पाण्यानें नेति करणारीं दोन माणसें दगावलीं. नीग्लेरिया नांवाचा सूक्ष्म जीव नाकावाटे मेंदूंत शिरला होता. तान्ह्या मुलाच्या नाकांत तेलाचे थेंब सोडण्याची चालही आतां सोडावी, कारण तें फुप्फुसांत उतरतें. आजीबाई रागावतील, तर रागावोत.

नाक क्षणांत मोकळें करणारे थेंब मिळतात. ते तीनचार दिवस ठीक. पुढें थेंबांवांचून नाक उघडेनासें होतें, आणि माणूस उशाशीं कुपी ठेवून वर्षें काढतो. याउलट सूज उतरविणारा स्टेरॉइडचा फवारा वैद्याच्या सल्ल्यानें रोज घ्यावा लागतो. त्याचा पुरता गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच वेळीं लोक तो टाकून देतात.

पण ज्याचा श्वास झोंपेंत थांबतो, त्याचें एवढ्यानें भागत नाहीं. त्याच्या झोंपेची रात्रभर तपासणी व्हावयास हवी. नाकावर मुखवटा बसवून दाबाखालीं हवा देणारें यंत्र सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलें. आज तें आपल्या शहरांतही मिळतें. आवाज थोडा होतो, पण घोरण्याहून पुष्कळ कमी. उत्सवास जातांना तें बरोबर न्यावें, आणि ओसरीवर विजेची जोडणी कोठें आहे, हें उपाध्यांस आधींच विचारून ठेवावें.