शाश्वत पायाभूत सुविधा आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण

जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के उत्सर्जन सिमेंटनिर्मितीतून होते. त्यातील निम्म्याहून अधिक वायू इंधनाच्या ज्वलनातून नव्हे, तर चुनखडीच्या विघटनातून बाहेर पडतो. म्हणून केवळ इंधन बदलून हा प्रश्न सुटत नाही. क्लिंकरचे प्रमाणच घटवावे लागते. भाजलेली चिकणमाती व चुनखडी यांच्या मिश्रणाने ते सुमारे ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये अशा सिमेंटसाठी आयएस १८१८९ हे मानक प्रसिद्ध केले. तथापि, मानक प्रत्यक्ष बांधकामात उतरविण्यासाठी प्रशिक्षित अभियंता आवश्यक असतो. यास्तव सामर्थ्य व खर्च यांबरोबरच टिकाऊपणा आणि जीवनचक्र मूल्यांकन हे विषय पदव्युत्तर अभ्यासक्रमात अनिवार्य असावेत. मोठ्या पुलाचे संकल्पन १०० वर्षांच्या आयुष्यासाठी होते. त्यातील चुकीचा भार पुढील पिढ्यांनाच वाहावा लागतो.