‘अरे’पासून ‘अहो’पर्यंत

जुलै १९८५. मेकॅनिकलचा डिप्लोमा हातात घेऊन मी भोसरीच्या एका कारखान्यात ट्रेनी सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. आमच्या शॉपच्या फोरमनने पहिल्याच दिवशी चहा पाजला आणि कानमंत्र दिला: ‘सगळ्यांना अरे-तुरे करायचं. अहो-जाहो केलंस की डोक्यावर बसतील.’ माणसं सांभाळण्याचं माझं सगळं शिक्षण त्या चहाच्या कपात आटोपलं. फोरमन वाईट माणूस नव्हता. त्याला त्याच्या फोरमनने हेच सांगितलं होतं.

माझ्या ताब्यात सहा लेथ आणि अकरा माणसं आली. त्यात पन्नाशीला टेकलेला एक बार्शीकडचा ऑपरेटर होता, सगळे त्याला तात्या म्हणत. मी ऐटीत गेलो आणि म्हणालो, ‘तात्या, तो जॉब काढ, हा लाव.’ त्याने वेस्टला हात पुसले, ‘होय साहेब’ म्हणाला, जॉब काढला. पुढचे पंधरा दिवस तो असाच ‘होय साहेब’ म्हणत राहिला आणि मी सांगेन ते अगदी तेवढंच करत राहिला. एकदा ड्रॉइंग वाचताना मी एक माप चुकवलं. तात्याला पहिल्या कटमध्येच कळलं असणार, कारण हात त्याचा होता. त्याने शाफ्ट सरळ मी सांगितलेल्या मापाला आणून ठेवला. तो भंगारात गेला. मी विचारलं, तुला दिसलं नाही का? ‘दिसलं की. पण तुम्ही म्हणालात काढ, मी काढला.’

तो मला ‘तुम्ही’ म्हणत होता आणि मी त्याला ‘तू’. त्या एका शाफ्टच्या किमतीत मला हा व्यवहार समजला. दुसऱ्या दिवसापासून मी ‘तात्या, हे बघा बरं’ असं म्हणू लागलो. डोक्यावर कुणीही बसलं नाही. फोरमनने मात्र महिनाभर माझी टर उडवली.

तो काळच वचकाचा होता. मुंबईत १९८२ चा गिरणी संप होऊन गेला होता, लाखो माणसं घरी बसली होती. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात प्रत्येक गेटवर युनियनचा बोर्ड आणि त्याच्यासमोर कधी ना कधी गेट मीटिंग. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले तेव्हा आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. अशा हवेत मॅनेजर म्हणजे ज्याला बघून लोक मशीनकडे वळतात तो. त्याची हत्यारं दोनच, मेमो आणि चार्जशीट. बढतीच्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न होता, आतापर्यंत किती मेमो दिलेत? मी खरा आकडा सांगितला तर समोरचे गृहस्थ म्हणाले, कमी आहेत.

खरं तर महाराष्ट्राला दुसरं उदाहरण ठाऊक होतं. मी पलूस भागातला, लहानपणापासून किर्लोस्करवाडीच्या गोष्टी ऐकलेला. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वस्ती उभी केली, आणि शिक्षा भोगून आलेल्या रामोशांच्या हाती तिची राखण दिली. ही गोष्ट आमच्याकडे आजीच्या तोंडी होती. पण गोष्ट ऐकणं वेगळं आणि महिनाअखेरीला डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना ती आठवणं वेगळं.

तशीच एक महिनाअखेर, १९९१ ची. बुशची बॅच निघायची होती. मशीनवर माझ्याच वयाचा एक ऑपरेटर होता. आम्ही रविवारी एकत्र क्रिकेट खेळायचो, त्यामुळे आमचं अरे-तुरे दोस्तीतलं, दोन्ही बाजूंनी. नवीन टूल बसवलं की पहिला नग क्वालिटीकडे पाठवायचा, तो पास झाला की मशीन चालू करायचं, हा नियम. क्वालिटीचा माणूस जेवायला गेला होता. मी म्हणालो, ‘थांबू नकोस, मार.’ त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. ‘फर्स्ट पीस?’ मी हात हलवला. त्याने मशीन चालू केलं.

संध्याकाळी गेज लावला. ‘गो’ आत गेला, ठीक. ‘नो-गो’सुद्धा आत गेला. दुसरा नग, तिसरा, दहावा, तेच. बोअर मोठा झाला होता. भोक लहान राहिलं तर वाढवता येतं. मोठं झालेलं भोक लहान करायला कुठलंही मशीन नाही. ३४० नगांना लाल रंग लागला. गाडी रिकामी गेली.

दुसऱ्या दिवशी वर बोलावणं आलं. कोणाची चूक, हा प्रश्न आला आणि मी गप्प बसलो. खोटं बोललो नाही, एवढंच. गप्प बसलं की अशा खोलीत उत्तर आपोआप तयार होतं: मशीन कोण चालवत होतं? त्याच्या नावाने मेमो टाइप झाला, फर्स्ट पीस तपासणी न करता उत्पादन सुरू केल्याबद्दल. संबंधित अधिकारी म्हणून खाली सही माझी. त्याने मेमो घेतला, प्रतीवर सही केली आणि मला म्हणाला, ‘ठीक आहे ना रे.’ त्या ‘रे’ने मला तीन दिवस सोडलं नाही.

चौथ्या दिवशी, साडेतीनच्या आधी दोन शिफ्टची माणसं एकत्र असतात त्या दहा मिनिटांत मी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की ते ३४० नग माझ्यामुळे गेले, थांबू नकोस असं मीच म्हणालो होतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने हातावरची तंबाखू मळून झाल्यावर तोंडात टाकली. तात्या म्हणाले, ‘चला, टाइम झाला,’ आणि लोक मशीनवर गेले. पण त्या आठवड्यापासून एक बदल झाला, जो मी आधी विकतही घेऊ शकलो नसतो. वाईट बातमी माझ्याकडे लवकर येऊ लागली. बेअरिंग आवाज करतंय, टूल शेवटच्या टप्प्यावर आहे, अमका उद्या येणार नाही, हे सगळं मला बिघडण्याआधी कळू लागलं. त्या एका गोष्टीवर माझी पुढची दहा वर्षं निघाली. वरच्यांना वाटे मला प्लॅनिंग जमतं.

नव्वदच्या दशकात वारं फिरलं. १९९१ नंतर स्पर्धा आली, परदेशी ग्राहकांचे ऑडिट आले, आयएसओच्या फायली आल्या आणि त्यांच्याबरोबर ट्रेनिंगवाले आले. लोणावळ्याच्या हॉटेलात दोन दिवस, पनीरची भाजी, गटागटांत बसवून खेळ. यातलं बरंच वाया गेलं, हे मी आज निवृत्त माणसाच्या बेफिकिरीने सांगू शकतो. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्याने झेलायचं, या खेळात आमचे पर्चेस मॅनेजर खरोखर पडले आणि आठवडाभर कंबर धरून होते.

पण सगळंच फोल नव्हतं. एरिक बर्नचं पालक-प्रौढ-बालक हे गणित मला उपयोगी पडलं, कारण आमचा फोरमन पालकाच्या सुरात बोलायचा आणि समोरचा पन्नाशीचा माणूस रुसलेल्या मुलासारखा वागायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. फक्त त्याला नाव नव्हतं. ‘जोहरी खिडकी’ नावाचा एक तक्ता शिकवला. आम्हाला बरेच दिवस वाटत होतं कुणी जोहरी नावाचे मारवाडी गृहस्थ असावेत. नंतर कळलं, जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या दोघांनी १९५५ साली ती मांडली आणि आपली नावं जोडून ठेवली. तिच्या चार कप्प्यांपैकी एक असा, की जे इतरांना तुमच्याबद्दल माहीत आहे पण तुम्हाला नाही. माझ्या गटात आमच्या स्टोअर्सचा क्लार्क होता. तो म्हणाला, ‘साहेब, समोरचा बोलत असताना तुम्ही घड्याळ बघता.’ मी हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवायला लागलो. हा माझा त्या दोन दिवसांचा निव्वळ नफा, आणि तो लहान नाही.

सर्वात कामाची गोष्ट हॉटेलात मिळाली नाही, जुन्या कपाटात सापडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखाने झपाट्याने वाढले आणि अनुभवी सुपरवायझर कमी पडले, तेव्हा तिथल्या सरकारने काही छोटे पाठ बसवले होते. युद्धानंतर तेच पाठ जपानमध्ये गेले. त्यातला एक माणसांशी वागण्याबद्दल होता. त्याच्या सायक्लोस्टाइल प्रतीत चार पायऱ्या होत्या, पैकी पहिली मला पुरली: आधी हकीगत पूर्ण मिळवा, आणि त्या माणसाला काय वाटतं हेही हकीगतीतच धरा. मेमोच्या छापील नमुन्यात त्याला जागाच नव्हती.

मग क्वालिटी सर्कल. जपानमध्ये १९६२ पासून, आपल्याकडे १९८० साली हैदराबादच्या भेलमध्ये सुरू झालेली ही पद्धत आमच्यापर्यंत यायला नव्वदचं दशक उजाडलं. आठवड्यातून एक तास ऑपरेटरांनी बसून स्वतःच्या मशीनची अडचण स्वतः सोडवायची. पहिले तीन आठवडे कुणी बोललंच नाही, कारण मी बोलत होतो. प्रश्न मीच विचारायचो आणि दोन सेकंद थांबून उत्तरही मीच द्यायचो. चौथ्या आठवड्यात मी ठरवून टेबलाखाली बोटं मोजली. वीसपर्यंत गेलो. बाविसाव्याला तात्यांनी घसा खाकरला आणि कूलंटची नळी चार इंच सरकवायला सांगितली. टूल पूर्वीपेक्षा जास्त दिवस टिकू लागलं. नळी सात वर्षं चुकीच्या जागी होती. ते त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं कमी आणि टाइप करण्यासारखं जास्त होतं. ई-मेल आला आणि शेजारच्या केबिनमधला माणूस शेजारी राहिला नाही. ॲप्रेझलचे फॉर्म आले. नवे इंजिनिअर पहिल्या नावाने हाक मारू लागले आणि ‘अहो’चा प्रश्न परस्पर सुटल्यासारखा झाला. लाइनवर कंत्राटी मुलं आली, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशामधून. त्यांच्याशी आमचे मराठी सुपरवायझर हिंदीत बोलत, आणि ज्यांनी मराठीत ‘अहो’ कष्टाने शिकलं होतं ते हिंदीत सरळ ‘ए, तू इधर आ’ वर उतरत. मी टोकलं की म्हणत, साहेब, हिंदीत असंच असतं. तसं नसतं. ‘आप’ हा शब्द सगळ्यांना येत होता, ऑडिटर आला की निघायचा.

२००१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. यादी करणाऱ्या समितीत मी होतो. प्रत्येकाला समोर बसवून, दार लावून, घड्याळ खिशात ठेवून मी बोललो. तेवढं मला तोवर येत होतं. त्या कामासाठी लोकांच्या पर्सनल फायली वाचायला मिळाल्या, आणि त्यात ती फाइलही आली. १९९१ चा मेमो जागच्या जागी होता, खाली माझी सही. पुढे १९९४ चा कागद होता, सेटरच्या जागेसाठीच्या निवडीचा. त्याच्या नावापुढे शेरा होता: शिस्तभंगाची नोंद. जागा त्याच्यापेक्षा चार वर्षांनी नवख्या माणसाला गेली होती.

म्हणजे शॉपमध्ये सगळ्यांसमोर मी चूक कबूल केली होती, आणि ऑफिसच्या कपाटात ती त्याच्याच नावावर राहिली होती. दहा वर्षं आम्ही रविवारी एकत्र खेळत होतो. तो कधी बोलला नाही आणि मी कधी विचारलं नाही.

त्याने योजनेचा अर्ज भरला आणि गेला. मेमो मागे घ्यायला एका ओळीचं पत्र पुरलं असतं, सहीचा अधिकारही माझाच होता. ते पत्र मी लिहिलं नाही.