नसलेलं पाणी

व्होल्गाच्या काठी, मॉस्कोच्या ईशान्येला कोस्त्रोमा नावाचं शहर आहे. विज्ञानाच्या दुनियेत त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. १९६१च्या सुमारास तिथल्या एका तंत्रसंस्थेत निकोलाय फेद्याकिन नावाचा संशोधक अतिशय बारीक काचनळ्यांत पाणी भरायचा, नळ्यांची तोंडं बंद करायचा आणि त्या तशाच ठेवून द्यायचा. काही दिवसांनी त्याला विचित्र प्रकार दिसला. पाण्याच्या मूळ स्तंभापासून थोड्या अंतरावर दुसरा इवलासा स्तंभ आपोआप उभा राहत होता. मूळ स्तंभ आटत होता, नवा वाढत होता. नळी एक, तापमान एक, पाणीही एकच. मग एका भागाने दुसऱ्याचं बाष्प का गिळावं? नव्या स्तंभातलं पाणी उडून जायला नाखूश होतं, एवढं उघड होतं. म्हणजे ते वेगळं होतं.

कोस्त्रोमातली ही बातमी मॉस्कोतल्या बोरिस देर्यागिनपर्यंत पोचली. देर्यागिन म्हणजे पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातलं वजनदार नाव. कामाची सूत्रं त्याच्या प्रयोगशाळेकडे गेली आणि फेद्याकिन हळूहळू मागे पडला. (विज्ञानाच्या इतिहासात हे नवं नाही. पुढचं सगळं पाहता फेद्याकिनचं नशीब बरंच म्हणायचं.) देर्यागिनच्या गटाने काळजी वाढवली. आता नळीत पाणी भरायचंच नाही. कोरड्या, नव्याने ओढलेल्या क्वार्ट्‌झच्या नळ्यांवरून बाष्प जाऊ द्यायचं आणि आत जे जमेल ते तपासायचं. जमलेला द्रव शून्याला गोठत नव्हता, उणे ४० अंशांच्या आसपास जाऊन काचेसारखा घट्ट होत होता. १०० अंशांना उकळतही नव्हता. साध्या पाण्यापेक्षा तो जड होता आणि कितीतरी पट दाट, पाकासारखा सावकाश वाहणारा.

१९६६ साली देर्यागिनने इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फॅरडे सोसायटीच्या चर्चासत्रात हे सगळं मांडलं, आणि पश्चिमेकडच्या प्रयोगशाळांत काचनळ्या ओढायला सुरुवात झाली. जून १९६९मध्ये अमेरिकेतल्या एलिस लिपिनकॉट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये या द्रवाचा अवरक्त वर्णपट छापला. माहीत असलेल्या कुठल्याच पदार्थाशी तो जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पाण्याचे रेणू एकमेकांत गुंफून त्यांची साखळी किंवा जाळी तयार होत असावी, असा त्यांनी अर्थ लावला आणि नाव दिलं ‘पॉलीवॉटर’. नाव फार गोड होतं. अर्धं काम त्या नावानेच केलं असं माझं मत आहे. ‘अनैसर्गिक वागणारं पाणी’ म्हटलं की माणूस शंका घेतो, ‘पॉलीवॉटर’ म्हटलं की वस्तू अस्तित्वात आहे असंच धरून चालतो.

शीतयुद्धाचे दिवस होते. रशियनांकडे आहे आणि आपल्याकडे नाही, ही कल्पनाच अमेरिकेत सहन होत नव्हती. वर्तमानपत्रं क्षेपणास्त्रांच्या ‘मिसाइल गॅप’च्या चालीवर ‘पॉलीवॉटर गॅप’विषयी लिहू लागली, सरकारी पैसा येऊ लागला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या एफ. जे. डोनाहो नावाच्या प्राध्यापकाने ‘नेचर’मध्ये पत्र लिहून इशारा दिला: हा द्रव साध्या पाण्याला आपल्यासारखं करत सुटला तर पृथ्वीवरचे समुद्रच थिजतील, तेव्हा तो निरुपद्रवी ठरेपर्यंत त्याला अत्यंत धोकादायक माना. कर्ट व्हॉनेगटच्या १९६३च्या कादंबरीत नेमका असाच एक बर्फ आहे.

याला उत्तर खरं तर निसर्गाकडेच होतं. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ. वाळू आणि बाष्प पृथ्वीवर अब्जावधी वर्षं एकत्र नांदताहेत. क्वार्ट्‌झच्या सान्निध्यात पाण्याला अधिक स्थिर रूप मिळत असतं, तर एव्हाना किनाऱ्यावर लाटा उरल्याच नसत्या. रिचर्ड फाइनमनच्या नावावर याहून खट्याळ युक्तिवाद सांगितला जातो: असं पाणी असतं तर नुसतं पाणी पिऊन पॉलीवॉटर बाहेर टाकणारा आणि त्या ऊर्जेवर जगणारा, काही न खाणारा प्राणी उत्क्रांतीने कधीच घडवला असता.

पण नळीतला द्रव डोळ्यांसमोर होता, त्याचं काय? अडचण अशी की तो इतका थोडा तयार होई की नेहमीचं रासायनिक विश्लेषण करणंच अवघड. बेल प्रयोगशाळेत डेनिस रूसो आणि सर्जिओ पोर्टो यांनी अतिसूक्ष्म नमुन्यांवर चालणाऱ्या पद्धती वापरल्या आणि १९७०मध्ये सांगून टाकलं की नमुन्यांत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट असा ऐवज भरपूर आहे. ही यादी आपल्याला कुठेतरी भेटलेली आहे, असं रूसोला वाटलं. एकदा हँडबॉल खेळून आल्यावर त्याने अंगातला टी-शर्ट पिळला, निघालेला घाम आटवला आणि त्याचा अवरक्त वर्णपट काढला. तो पॉलीवॉटरच्या वर्णपटाशी कमालीचा मिळताजुळता निघाला. १९७१च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये दोन्ही आलेख छापून आले. समुद्र थिजवणारा द्रव म्हणून ज्याची धास्ती घेतली होती, तो निदान काही नमुन्यांत तरी संशोधकांच्याच अंगाचा मळ असावा!

आता मागे वळून लक्षणं पाहा. गोठणबिंदू खाली, उत्कलनबिंदू वर, घनता जास्त, बाष्पदाब कमी. पाण्यात क्षार विरघळले की नेमकं हेच होतं. बारावीच्या रसायनशास्त्रात हे शिकवतात. मग इतक्या हुशार माणसांना ते सुचलं नाही? सुचलं होतं. त्यांचा भरवसा बाष्पावर होता. बाष्प होऊन आलेलं पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी, त्यात मीठ येणार कुठून, हा बिनतोड वाटणारा मुद्दा होता. बाष्प शुद्धच येत होतं. पण ते ज्या भिंतीवर जमत होतं, ती भिंत पाण्याला मोकळी होती.

इथे थोडा हिशेब करावा लागतो. एका घन सेंटिमीटर पाण्याला भांड्याची किती भिंत लागते, हा खरा प्रश्न. सात सेंटिमीटर व्यासाच्या नळीपेक्षा १० मायक्रोमीटर व्यासाच्या नळीत ती सात हजार पट जास्त असते. मोठ्या चंचुपात्रात नजरेत न येणारा काचेचा, हाताचा, हवेतल्या धुळीचा अंश तिथे द्रवाचा मोठा हिस्सा होऊन बसतो. आणि पाण्याइतका धीट द्रावक दुसरा नाही. रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. त्या जोरावर ते क्षारांचे आयन वेगळे करून आपल्या घेऱ्यात ठेवतं. झाडांच्या मुळांना खनिजं पोचतात, रक्त वाहतं, समुद्र दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार बाळगतो, ते याच गुणामुळे.

नळीची भिंत ज्याची असते, त्या सिलिकासारखा हट्टी पदार्थही सुटत नाही. आपल्या कोकणातला जांभा हेच सांगतो. काळ्या कातळावर युगानुयुगं पाऊस पडला, पाण्याने त्यातली सिलिका हळूहळू धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं. आपण त्याचे चिरे काढून घरं बांधतो. वाहून गेलेली सिलिका बेसाल्टच्या पोकळ्यांत कुठे साचली, की अकीक आणि गारेचे स्फटिक होतात. डोंगरावर पाण्याला युगं लागतात. बारीक नळीत थोडंसं विरघळलं तरी निकाल पालटतो.

देर्यागिन सहजी मागे हटला नाही. घाण पाश्चात्त्यांच्या नमुन्यांत आहे, आमचे स्वच्छ आहेत, असं तो म्हणत राहिला. पण जसजशी स्वच्छता काटेकोर झाली तसतसा तो अजब द्रव मिळेनासा झाला. शेवटी १९७३मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी चुराएव्ह याने ‘नेचर’मध्ये लिहिलं की या द्रवाचे असाधारण गुण पाण्याचे नसून अशुद्धीचे आहेत. स्वतःची दहा वर्षांची मेहनत स्वतःच्या सहीने मोडीत काढणारे शास्त्रज्ञ फार नसतात.

त्यामुळे देर्यागिनची पत गेली नाही. लेव्ह लांडाऊबरोबर त्याने १९४१ साली मांडलेला एक सिद्धांत आजही शिकवला जातो. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण एकमेकांपासून दूर का राहतात आणि कधी एकत्र येऊन तळाशी बसतात, याचं गणित त्यात आहे. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि त्यात तुरटी सोडतात, तेव्हा गाळ का बसतो हे समजावून सांगताना अभियंत्यांना देर्यागिनचं नाव घ्यावं लागतं.