गच्चीवरचा जमाखर्च – लेखांक सातवा : हिवाळ्याची फिर्याद

नेट मीटरवरील आयात-निर्यात युनिटांचा महावितरणच्या बिलाशी ताळा कसा घालावा, हे मागील लेखांकात पाहिले. मार्गशीर्ष लागला, चिकलठाण्याच्या वेधशाळेतला किमान पारा दहा अंशांच्या आसपास उतरू लागला, की छत्रपती संभाजीनगरातल्या सिडकोत काय किंवा गारखेड्यात काय, घरोघरी निराळीच फिर्याद कानी येते : "थंडीत सोलर चालतच नाही हो!" या एका वाक्यात पाणी तापवणारा सोलर आणि वीज देणारी पॅनल, ही दोन सर्वस्वी भिन्न यंत्रे एकाच आरोपपत्रात गोवली जातात, आणि त्यांपैकी एक बहुधा निर्दोष असते.

आधी पॅनलची जबानी घेऊ. हे शहर सुमारे २० उत्तर अक्षांशावर असल्यामुळे २२ डिसेंबरलाही माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४७ अंश वर असतो, आणि दक्षिणेकडे वीस अंश कललेल्या पॅनलवर त्याचे किरण फारसे तिरपे पडत नाहीत. शिवाय सिलिकॉनला ऊन हवे असते, उष्मा नको असतो : घटाचे तापमान एका अंशाने वाढले की उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटते, म्हणून वैशाखात साठ अंशांपलीकडे तापलेले पॅनल जे गमावते, त्यातले बरेचसे पौषातल्या निरभ्र, गार दुपारी वाचते. दिवस अकरा तासांचा, हे खरे. पण पॅनलचा खरा पडता काळ आषाढ-श्रावणातल्या ढगांचा. थंडीत त्याचे वैर धुळीशी. दसऱ्यानंतर पाऊस नाही, पहाटेच्या दवाने धुळीचा लेप होतो, आणि जिथे नळाला पाणी काही दिवसांआड येते तिथे पॅनल धुण्यासाठी दोन बादल्या मागणे म्हणजे गृहकलहास निमंत्रण.

सोलरची गोष्ट वेगळी. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी तीस अंशांचे असते. ते पंचावन्नावर न्यायचे तर शंभर लिटरांना २,५०० किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम तीन युनिटांइतकी उष्णता पुरते. जानेवारीत तेच पाणी अठरा अंशांवर आले की मागणी ३,७०० किलोकॅलरींवर, सव्वाचार युनिटांवर जाते. सूर्याने तेवढेच दिले तरी बादली कोमटच भरणार. त्यात रात्रीच्या गारठ्याने टाकीतून होणारी गळती निराळी. म्हणून सोलरची पारख हाताला लागणाऱ्या चटक्याने करू नये. गार पाणी किती अंशांवर आले आणि गरम किती अंशांवर निघाले, यांतील अंतराने करावी.

आमच्या एका आप्तांकडे डिसेंबरचे बिल फुगले तेव्हा सारा संशय पॅनलवर गेला. इन्व्हर्टरवरचे आकडे पाहिले तर उत्पादन चोख. मग काकूंनी सहज सांगितले, "अहो, सोलरच्या कॉइलचं बटन मी चालूच ठेवते, सकाळी सगळ्यांची घाई असते." चोर सापडला. सकाळच्या आंघोळींनी टाकी रिकामी होऊन तीत गार पाणी शिरले, की ऊन चढण्यापूर्वीच कॉइल ते तापवून मोकळी होई, आणि दहा वाजता कामावर हजर झालेल्या सूर्याला करण्यासारखे काही उरत नसे. दोनशे लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साडेचार युनिटांहून अधिक वीज लागते. तीन किलोवॅटच्या पॅनलची दिवसाची कमाई बारा युनिटांच्या आसपास. म्हणजे एका यंत्राची एक तृतीयांशाहून अधिक मिळकत दुसऱ्याच्या नावे खर्ची पडत होती, आणि दोष मात्र कमावत्याला. आता बटन पहाटे पाचला दाबतात व पहिली आंघोळ आटोपताच बंद करतात.

नोंदवही ठेवायची ती अशी : सायंकाळी पाचला आणि पहाटे सहाला, कॉइल बंद असताना, सोलरच्या पाण्याचे तापमान घ्यावे, त्याच पानावर गार पाण्याचे तापमान, आणि सूर्यास्तानंतर इन्व्हर्टरवरची युनिटे. वीस मिलिमीटर पोकळीच्या पंधरा मीटर नळात पाच लिटर शिळे पाणी असते, ते निराळ्या बादलीत काढल्यावाचून तापमापी बुडवू नये. (बादली ओतून देऊ नये, पॅनल धुवायला तीच कामी येते.) सायंकाळचा आकडा बरा आणि पहाटेचा फारच उतरलेला असेल, तर टाकीचे वेष्टण तपासावे. सायंकाळीच उणा असेल आणि घरात बोअरचे पाणी वापरात असेल, तर नळ्यांत बसलेल्या क्षाराचा संशय घ्यावा.

दोन्ही यंत्रांवर सारखाच लागू होणारा गुन्हेगार एकच, सावली. डिसेंबरात सकाळी नऊला सूर्य अवघा तेवीस अंश वर असतो, त्यामुळे शेजारच्या गच्चीवरची दोन मीटर उंचीची टाकी वायव्येकडे जवळजवळ पावणेपाच मीटर सावली टाकते. जूनमध्ये पॅनल बसवून गेलेल्या कारागिराला ती दिसलेलीच नसते. येत्या रविवारी नऊ वाजता खडू घेऊन गच्चीवर जावे, सावलीची कड आखावी, आणि तासातासाने ती कुठवर सरकते ते पाहावे. त्या रेघांचे काय करायचे, ते पुढील लेखांकात.