घरातली शाळा आणि पावसाळ्याची पुस्तकं

जून लागला की कोल्हापुरात दोनच चौकशा. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला काय? आणि ॲडमिशन कुठं घेतली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडं असतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही मुलांकडं नसतं, कारण ती शाळेत जातच नाहीत. नापास झाली, घरची अडचण आली, असंही काही नाही. आईवडिलांनी विचार करून त्यांना घरीच शिकवायचं ठरवलेलं असतं. याला होमस्कूलिंग म्हणतात.

‘म्हणजे दिवसभर मोबाईल आणि दुपारी बारापर्यंत झोप, ऐश आहे की!’ असं तुमच्या मनात आलं असेल. थोडं थांबा. घरी शिकणाऱ्या मुलाला घंटा नसते, पण त्या घरातल्या पालकाला सुट्टीही नसते. बहुतेक ठिकाणी हे काम आईकडं येतं. सकाळी काय वाचायचं, दुपारी काय करून बघायचं, कुठला विषय आपल्याला झेपणार नाही आणि तो कुणाकडून शिकवून घ्यायचा, हे सगळं ती ठरवते. वर नातेवाइकांचे प्रश्न आहेतच. ‘पुढं काय करणार हा? सर्टिफिकेट कुठलं मिळणार?’

सर्टिफिकेटचं म्हणाल तर वाटा आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. तो कायदा बोलतो शाळेबद्दल, घरी शिकवण्याबद्दल त्यात स्वतंत्र तरतूद नाही. परीक्षेपुरती ही मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडं, म्हणजे एनआयओएसकडं वळतात. आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म तर तुम्हाला माहीतच असेल. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी-बारावी देता यावी म्हणून तो आहे.

मुंबईच्या मालविका जोशीची बातमी २०१६ साली देशभर गाजली होती. सातवीत असताना आईनं तिला शाळेतून काढलं, स्वतःची नोकरी सोडली आणि घरीच अभ्यासक्रम आखला. मालविकानं आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीचं दार तिच्यासाठी बंद होतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं मात्र तिला एमएस्सीच्या पातळीवरच्या अभ्यासक्रमाला घेतलं आणि पुढं ती थेट अमेरिकेत एमआयटीत पोचली. भारी गोष्ट आहे, वादच नाही. पण दर वेळी हीच एक गोष्ट सांगून होमस्कूलिंगचं कौतुक करणं मला पटत नाही. नोकरी सोडणं परवडणारी आई प्रत्येक घरात नसते.

हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा एक रुपया! ज्या घरात आई, बाप, आजा यांच्यापैकी कुणीच अक्षर ओळखत नव्हतं, त्या घरात ‘घरी शिकवतो’ याचा अर्थ एकच होता, पोर गुरांमागं जाणार. शाळा ही तिथं सुटकेची वाट होती. म्हणून आज ‘शाळा मुलांना मारून टाकते’ असं कुणी सरसकट म्हणायला लागलं की हा दंड आठवायचा.

पण याच कोल्हापुरात घरातल्या शिकवणीची एक मोठी गोष्टही घडलीय. २०१९ चा ‘आनंदी गोपाळ’ सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते. बदल्या होत होत ते कोल्हापुरात आले, सोबत बायको आनंदी. नऊ वर्षांची असताना तिचं लग्न झालेलं, नवरा तिच्याहून जवळपास वीस वर्षांनी मोठा. तिला शिकवायचंच, हा त्यांचा ध्यास. पुस्तक, धडा, घोकंपट्टी, सगळं घरात.

१८७८ साली गोपाळरावांनी कोल्हापुरातून अमेरिकन मिशनऱ्यांना एक पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचंय, अमेरिकेला यायचंय, तिथं मला काही काम मिळेल का, असा त्याचा आशय. पूर्वी कोल्हापुरात काम केलेले वाइल्डर नावाचे मिशनरी तेव्हा अमेरिकेत एक नियतकालिक चालवत होते. त्यांनी ते पत्र आपल्या उत्तरासकट छापून टाकलं. उत्तरात सल्ला होता, आधी ख्रिस्ती व्हा. गोपाळरावांनी तो मानला नाही. दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या श्रीमती कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडं नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथं पडलेला जुना अंक त्यांनी चाळला आणि त्यात हे पत्र त्यांना दिसलं. पुढचा सगळा इतिहास त्या वेटिंग रूममधून सुरू होतो.

घरी शिकवणाऱ्यानं आपल्या शिकवणीबद्दल चारचौघांत लिहायचं, ही गोष्ट त्यामुळं आपल्याला नवीन नाही. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यात पालकांची पत्रं असायची, आज हे जमलं, काल ते फसलं. पुण्यातून १९८७ पासून निघणाऱ्या ‘पालकनीती’ मासिकानं मराठी आईवडिलांना मुलांबद्दल मोकळेपणानं लिहायला जागा दिली. एकट्यानं वेगळी वाट धरलेल्या माणसाला लिहिण्याचा आधार वाटतो. आपल्यासारखं आणखी कुणी आहे का, हे त्यातून कळतं.

आता जरा त्या मुलाच्या जागी बसून बघा. तुम्ही आठ वर्षांचे असताना ‘आमचा अजून जोडाक्षरांना अडतोय’ असं आईनं प्रेमानं लिहिलंय, जगानं वाचलंय, लाइक केलंय. वीस वर्षांचे झाल्यावर ते कॉलेजातल्या कुणाच्या तरी हाती लागलं तर? मला तरी ते सहज पचणार नाही. ती गोष्ट आईची आहे, तशी मुलाचीही आहे. परवानगी विचारायला ते मूल तेव्हा फार लहान असतं, इतकंच.

आनंदीबाईंचंही असंच होतं. सुरुवातीचं पत्र नवऱ्याचं, स्वप्न नवऱ्याचं, बायको शिकलेली असावी हा हट्टही त्याचाच. अभ्यास झाला नाही की मार. पुढं अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. दहाव्या वर्षी लाकडानं मारणं, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकणं. पुस्तकं फेकून मारणारा गुरू! सिनेमा बघताना आपण त्या हट्टाला टाळ्या वाजवल्या होत्या. पण मग ती मुलगी शिकली ती या मारामुळं, की मार खाऊनही? मी दुसऱ्या बाजूची आहे.

कारण तिचं टार्गेट मधेच बदललं. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं ते त्यानंतर तिनं मनाशी धरलं. कार्पेंटरबाईंना पत्रं मग ती स्वतः लिहायला लागली, आपल्या हातानं, इंग्रजीत, आपल्या देशातल्या चालीरीतींबद्दल, तब्येतीबद्दल. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरला तिनं सभेत उभं राहून आपण एकटी अमेरिकेला का चाललोय ते सांगितलं. तेव्हा ती अठराचीही नव्हती. तुमच्या एफवायच्या वर्गातली मुलगी समजा. ११ मार्च १८८६ ला ती एमडी झाली. कोल्हापूर संस्थानानं तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या आपल्या सीपीआरच्या स्त्री विभागात डॉक्टर म्हणून नेमलं. ती रुजू होऊ शकली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेली.

इतक्या मोठ्या गोष्टीनंतर पुस्तकांच्या यादीकडं येणं अवघड आहे, पण मुद्दा तोच आहे. टार्गेट कुणाचं?

घरी शिकणाऱ्या मुलांना सत्र नसतं, सेमिस्टर नसतं. त्यामुळं जगभरातल्या अशा घरांत वाचन ऋतूवर बांधलेलं असतं. या हंगामात ही चार पुस्तकं, पुढच्या हंगामात ती. जानेवारीत ‘यंदा पन्नास पुस्तकं’ असं जाहीर करून फेब्रुवारीत दमणारे आपण सगळे. त्यापेक्षा ही पद्धत मला शहाणी वाटते. तीन महिन्यांचा हिशेब डोळ्यांसमोर राहतो. एखादं पुस्तक राहिलं तर पुढच्या ऋतूत ढकलता येतं, अख्खं वर्ष वाया गेल्यासारखं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट या घरांकडून उचलण्यासारखी आहे. शार्लट मेसन नावाच्या इंग्रज शिक्षिकेची, शंभर वर्षांहून जुनी पद्धत. मुलानं उतारा एकदाच वाचायचा किंवा ऐकायचा, पुस्तक मिटायचं आणि काय कळलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, रिकाम्या जागा भरा नाहीत. कॉलेजात हे करून बघा. एक प्रकरण वाचा आणि मेसवर जाता जाता रूममेटला सांगा. तिसऱ्या वाक्याला अडलात, तर नुसती पानं उलटली होती हे तिथंच कळतं. परीक्षेलाही याचा उपयोग होतो, पण ते राहू दे.

आपल्याकडं ऋतू कसे बांधायचे? पावसाळा सरळ आहे. एक जाड पुस्तक. आत्मचरित्र असेल तर उत्तम. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट हे आपल्याला पाढ्यासारखं पाठ आहे. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी इथं काढलाय, त्यांना वीज आणि नेट दोन्ही गेल्यावर छापील पुस्तकाची किंमत सांगायला नको. माझ्या यंदाच्या पावसाळ्याच्या यादीत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. शाळेचं तोंड न बघता घरातच अक्षरं गिरवलेल्या बाईंनी लिहिलेलं पुस्तक. दुसरं, अंजली कीर्तने यांचं आनंदीबाईंचं चरित्र. आणि तिसरं लीलाताई पाटील यांचं एखादं. ना. सी. फडके यांच्या या कन्येनं १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, मुलं अनुभवातून आणि आनंदानं शिकतील अशी शाळा. ‘शाळा की घर’ या भांडणात लीलाताईंची वाट मला जास्त जवळची वाटते. मूल शाळेतून काढण्याऐवजी त्यांनी शाळाच बदलायला घेतली. तीन पुस्तकं, बास. चौथं जमलं तर बोनस.

हिवाळ्याचं फार मनावर घेऊ नका. नोव्हेंबर-डिसेंबरात सेमिस्टरची परीक्षा असते, त्यात टार्गेट ठेवलं की पुस्तकाचाच राग येतो. उन्हाळ्यात गावी गेलात की घरातल्या छोट्या भावंडाला रोज अर्धा तास वाचून दाखवा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. पुण्याच्या अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांचा ढीग आहे, तोही फुकट. तुम्ही वाचणार, ते ऐकणार आणि मग तुम्हाला सांगणार. तेवढ्यापुरते तुम्हीच होमस्कूलिंगचे मास्तर. मारायचं मात्र नाही.

आणि दिवाळी. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळासोबत वाचनाचा ऋतू मिळालाय. एवढे अंक विकत घेणं विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही. त्यासाठी ग्रंथालयांची दिवाळी अंक योजना असते. एकदा वर्गणी भरायची आणि अंक बदलून बदलून पुढचे काही महिने वाचत राहायचं. आपल्याकडं १८५० साली स्थापन झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, शिवाय जवळपास प्रत्येक पेठेत छोटंमोठं वाचनालय आहे. चौघांनी मिळून एक वर्गणी भरली तर एका चित्रपटाच्या तिकिटाएवढाही खर्च येऊ नये. फक्त अंक कुणी किती दिवस ठेवायचा, हे आधीच ठरवून घ्या. रूमवरची निम्मी भांडणं त्यावरनंच होतात.